फोरेट गेले, हुमणी राहिली : कीडनाशक बंदी आणि बारामती-इंदापूरचा ऊस

गेल्या पंधरवड्यात इंदापूर तालुक्यातील एका खोडव्याच्या प्लॉटवर जाणे झाले. लांबून ऊस चांगला दिसत होता. आत शिरलो तर मधल्या पंधरा-वीस सऱ्यांत पाने पिवळी पडून वाळायला लागलेली. एक बेट धरून ओढले, तर ते काहीच जोर न लावता मुळासकट हातात आले. मुळे म्हणण्यासारखे काही उरलेच नव्हते. खाली वीतभर उकरल्यावर इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या, पांढऱ्या, लालसर डोक्याच्या सहा अळ्या निघाल्या. हुमणी, तिसऱ्या अवस्थेतली.

शेताचे मालक साठीच्या पुढचे. ते म्हणाले, "साहेब, पूर्वी थिमेटची पुडी टाकली की काम भागायचं. सरकारनं चांगलं औषध बंद केलं आन् ही महागाची औषधं आमच्या गळ्यात घातली."

हे वाक्य बारामती, इंदापूर, दौंड या पट्ट्यात मी गेली चार-पाच वर्षे ऐकतो आहे. ते पूर्ण खरे नाही आणि पूर्ण खोटेही नाही, म्हणून त्याला एका ओळीत उत्तर देता येत नाही. कीडनाशकांच्या बंदीबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, सगळी विषे बंद करा. दुसरी म्हणते, शेतकऱ्याच्या हातातले औषध काढू नका. उसाच्या सरीत उभे राहिले की चित्र जरा वेगळे दिसते.

फोरेट का गेले?

थिमेट या नावाने आपल्याकडे ओळखले जाणारे औषध म्हणजे फोरेट १० टक्के दाणेदार. लागणीच्या वेळी सरीत आणि बांधणीच्या वेळी खतात मिसळून ते सर्रास वापरले जायचे. केंद्र सरकारने २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली ६६ कीडनाशकांचा फेरआढावा घेण्यासाठी समिती नेमली. इतर देशांत बंदी किंवा निर्बंध असलेली, पण भारतात वापरात असलेली ही औषधे होती. समितीच्या शिफारशींवरून ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीडनाशकांवर बंदीचा आदेश निघाला. त्यातील १२ तत्काळ बंद झाली आणि सहांना ३१ डिसेंबर २०२० पर्यंत मुदत मिळाली. फोरेट त्या सहांमध्ये होते. सोबत डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन, ट्रायक्लोरफॉन आणि ॲलाक्लोर.

फोरेट जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सर्वांत वरच्या, म्हणजे 'अत्यंत घातक' गटात मोडते. ते त्वचेतूनही शरीरात जाते. आपल्याकडे ते वापरण्याची पद्धत कशी होती, हे वेगळे सांगायला नको. घमेल्यात युरिया, त्यात पुडी रिकामी करायची, हाताने कालवायचे आणि सरीत फेकत जायचे. हातमोजे सोडाच, पायात चप्पलही नसायची.

मी कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरच्या उसात असेच फोरेट टाकले होते. दोन तासांनी डोके जड झाले, तोंडाला पाणी सुटले, डोळ्यांपुढे अंधुक दिसायला लागले, मग उलट्या. घरच्यांनी ऊन लागले म्हणून कांदा फोडून दिला. संध्याकाळपर्यंत बरे वाटले आणि विषय संपला. पुढच्या वर्षी वर्गात सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या विषबाधेची लक्षणे शिकवली गेली, तेव्हा मला माझे ऊन आठवले. आपल्या भागात असे 'ऊन' किती जणांना लागले असेल, याची नोंद कुठेच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा राज्याचे लक्ष गेले. तेही मृत्यू झाले म्हणून.

त्यामुळे फोरेट जायला नको होते, असे मी म्हणणार नाही. त्याच्या जागी काय आणि कसे येणार, याची व्यवस्था मात्र आदेशासोबत आली नाही. मुदत दोन वर्षांहून अधिक होती. तेवढ्या काळात गावोगावी पर्यायाची प्रात्यक्षिके घेता आली असती. बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याला बंदी कळली ती दुकानदाराकडून.

आणखी एक गोष्ट मी त्या काकांना सांगितली, ती त्यांना फारशी पटली नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू उसाच्या सरीत टाकलेल्या फोरेटचा जोर जुलैत अंड्यातून निघणाऱ्या हुमणीपर्यंत टिकणे अवघड होते. ते खोडकिडीला आणि वाळवीला सुरुवातीला उपयोगी पडायचे. बांधणीच्या वेळी टाकलेले हुमणीला काही प्रमाणात लागू पडायचे, पण तेही अळी लहान आणि जमिनीत ओल असेल तरच. थिमेटच्या काळातही हुमणीने प्लॉट बसलेले मी पाहिले आहेत. आठवणीत औषध नेहमीच जास्त जालीम असते.

युरोपातले बीट आणि आपला ऊस

इंदापूरला शुगर बीट हे नाव नवीन नाही. उष्ण हवामानात येणाऱ्या बीटच्या वाणांचा आणि त्यापासून इथेनॉल करण्याचा प्रयोग कळस परिसरात झाला होता. ते पीक आपल्याकडे रुजले नाही. पण युरोपात साखरेचे मुख्य पीक बीटच आहे, आणि तिथल्या बीट उत्पादकांची गेल्या सात वर्षांतील कहाणी आपल्या उसवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे.

तिथे बीटच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड किंवा थायामिथोक्झामची प्रक्रिया करून पेरणी व्हायची. त्यामुळे मावा आटोक्यात राहायचा आणि माव्यामार्फत पसरणारा पिवळेपणाचा विषाणू रोगही. ही औषधे निओनिकोटिनॉइड गटातली. मधमाश्यांना धोका असल्याने युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात त्यांच्या वापरावर बंदी घातली. दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, फ्रान्समध्ये मावा लवकर आणि प्रचंड आला. बीटचे उत्पादन सरासरीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घसरले. त्याच डिसेंबरमध्ये फ्रान्सने कायदा बदलून बीटसाठी तात्पुरती सूट दिली. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने अशा सवलती बेकायदा ठरविल्या. जुलै २०२५ मध्ये फ्रान्सच्या संसदेने त्याच गटातील ॲसिटामिप्रिड परत आणणारा कायदा केला. त्याविरोधातील याचिकेवर वीस लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि ७ ऑगस्टला तिथल्या घटनात्मक परिषदेने ते कलम रद्द केले. शेतकरी सात वर्षे 'बंद, चालू, बंद, चालू, बंद' असा झुलतो आहे.

ब्रिटनने जरा वेगळे केले. तिथेही बंदी होती आणि बीटला आणीबाणीची परवानगी दिली जायची. पण त्या परवानगीला अट होती. हिवाळ्यातील थंडीवरून माव्याचा आणि विषाणूचा अंदाज काढायचा, तो ठरलेल्या पातळीच्या वर गेला तरच औषध वापरायचे. २०२१ मध्ये परवानगी मिळूनही अंदाज पातळीखाली राहिला, म्हणून औषध वापरलेच गेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये ही सवलतही नाकारण्यात आली. पण अंदाज आधी आणि औषध नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तो पुढे हुमणीच्या संदर्भात पुन्हा येईल.

आता आपल्या उसाकडे पाहा. फोरेट गेल्यावर हुमणीसाठी दुकानात सर्वाधिक खपणारे औषध कोणते? फिप्रोनील ४० टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड ४० टक्के हे संयुक्त औषध. उसातील हुमणीसाठी त्याला लेबल क्लेम आहे, म्हणजे ते वापरण्यात गैर काही नाही. पण त्यातील इमिडाक्लोप्रिड युरोपच्या बीटमधून काढून टाकलेले आहे, आणि फिप्रोनीलवर तिथे २०१३ मध्ये निर्बंध आले व २०१७ पासून त्याला मान्यताच नाही. आपण बंद झालेल्या औषधाच्या जागी जे धरून बसलो आहोत, तेच दुसरीकडे आधीच बाहेर गेले आहे. उद्या दिल्लीत फेरआढाव्याची नवी समिती बसली, तर या जोडीचे नाव यादीत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तेव्हा पुन्हा 'चांगलं औषध बंद केलं' म्हणत बसायचे का, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

नक्की काय बंद आहे?

२०२० च्या मे महिन्यात केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्याची यादी आजही दर हंगामात व्हॉट्सॲपवर 'ही २७ औषधे बंद' म्हणून फिरते. तो मसुदा होता, अंतिम आदेश नव्हता. त्यात उसाच्या रोजच्या वापरातील किती नावे होती पाहा : ॲट्राझीन, २,४-डी, क्लोरपायरिफॉस, कार्बोफ्युरॉन, कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, डाययुरॉन. सगळी एकदम गेली असती, तर बेणेप्रक्रियेपासून तणनाशकापर्यंत सगळेच अडले असते. त्यावर हरकती आल्या आणि डॉ. टी. पी. राजेंद्रन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती बसली. अंतिम आदेश निघाला तो २०२३ च्या सप्टेंबरअखेर.

त्या आदेशाने डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल पूर्ण बंद केले. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के हे टप्प्याने बंद केले, शिल्लक साठा संपवण्यासाठी एक वर्ष दिले. कार्बोफ्युरॉनचे ३ टक्के दाणेदार सोडून बाकी प्रकार गेले. काही औषधे चालू राहिली, पण ठरावीक पिकांवरून त्यांचे नाव काढले. उदाहरणार्थ, क्लोरपायरिफॉस बोर, लिंबूवर्गीय फळे आणि तंबाखूवरून गेले. डायमिथोएट कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळांवर व भाज्यांवर चालत नाही. मॅलेथिऑन द्राक्ष, टोमॅटो, वांगी, भेंडी, आंबा यांवरून काढले.

म्हणजे बाटली दुकानात दिसते आणि शेजाऱ्याने वापरली, एवढ्यावरून ती आपल्या पिकाला चालते असे ठरत नाही. पूर्वी 'बंद' आणि 'चालू' असे दोनच कप्पे होते. आता 'या पिकावर चालू, त्या पिकावर बंद' असा तिसरा कप्पा झाला आहे आणि तो कुणी समजावून सांगत नाही. बारामतीच्या ज्या शेतकऱ्याकडे दोन एकर ऊस, अर्धा एकर टोमॅटो आणि बांधावर लिंबाची झाडे आहेत, त्याच्या एकाच पंपात हे तिन्ही कप्पे येतात.

क्लोरपायरिफॉसबद्दल आणखी एक गोष्ट. उसात वाळवी आणि खोडकिडीला ते वर्षानुवर्षे वापरले जाते. मे २०२५ मध्ये जिनिव्हात स्टॉकहोम करारातील देशांच्या बैठकीत ते जगभरातून हद्दपार करण्याच्या यादीत घालण्यात आले. काही पिके व किडींसाठी मुदतीच्या सवलती ठेवून. यावरून लगेच 'क्लोरपायरिफॉस बंद झाले' असे संदेश सुरू झाले. तसे झालेले नाही. भारत या कराराचा २००६ पासून सदस्य आहे, पण यादीत नव्याने घातलेले प्रत्येक रसायन भारताने स्वतंत्रपणे मान्य केल्यावरच आपल्याला लागू होते. म्हणून आज ते दुकानात आहे. पण दिशा स्पष्ट आहे, आणि अशा सवलती साधारण पाच वर्षांच्या असतात. फोरेटच्या वेळी मिळालेली मुदत आपण वाया घालवली, तशी ही घालवू नये.

द्राक्षबागेच्या बांधावर

बंदी फक्त दिल्लीहून येते असे नाही. इंदापूर तालुक्यातील बोरी आणि आसपासच्या निर्यातक्षम द्राक्ष उत्पादकांना ती ब्रुसेल्सहूनही येते. युरोपने क्लोरपायरिफॉसची मान्यता २०२० च्या सुरुवातीला काढली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून त्याच्या अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. मॅन्कोझेबची मान्यताही त्याच वर्षअखेर गेली. आपल्याकडे दोन्ही विकत मिळतात. द्राक्ष युरोपला जाणार असेल, तर ती मिळतात की नाही याला अर्थच नाही.

द्राक्षवाल्यांनी हा धडा महागात शिकला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस यादी, अपेडाची ग्रेपनेट नोंदणी, काढणीपूर्वी प्रयोगशाळेत नमुना ही शिस्त नंतर अधिक घट्ट झाली. आज निर्यातदार बागायतदाराला औषधाच्या काढणीपूर्व कालावधीचा आकडा तोंडपाठ असतो. शेजारच्या ऊसवाल्याला तो माहीत असण्याचे कारणच पडले नाही. कारखाना उसाचा अंश तपासत नाही.

आणि इथेच गाडी अडते. इंदापूरात द्राक्ष आणि ऊस बांधाला बांध लावून आहेत. सध्या द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होऊन कोवळ्या फुटी निघत आहेत. याच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वहंगामी उसाची लागण होते आणि महिनाभरात रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी फवारले जाते. त्याचा बारीक तुषार वाऱ्याने वाहून बागेत गेला की द्राक्षाची कोवळी पाने पंख्यासारखी आखडतात, शिरा जवळ येतात, घड बिघडतो. त्यातही इथाईल एस्टर प्रकाराची वाफ होऊन ते फवारणीनंतरही सरकते. अमाईन क्षार किंवा सोडिअम क्षार त्या मानाने कमी उडतात. टोमॅटो, कापूस, पपईवरही हाच परिणाम दिसतो.

गेल्या हंगामात अशाच एका भांडणात मला दोन्हीकडच्यांनी पंच म्हणून नेले होते. बागवाला म्हणत होता नुकसानभरपाई द्या. ऊसवाला म्हणत होता औषध सरकारमान्य आहे, पावती आहे, मी माझ्या रानात मारले. दोघांचेही खरे होते. दोघे चुलतभाऊ, त्यामुळे प्रकरण चहावर मिटले, पण बागेतल्या त्या कडेच्या ओळींचा माल गेलाच.

२,४-डी वर सरसकट बंदी आली, तर उसाच्या खुरपणीला बायका कुठून आणायच्या, हा प्रश्न खरा आहे. या भागात खुरपणीला माणूस मिळत नाही, मिळाले तर एकरी खर्च तणनाशकाच्या कितीतरी पट जातो. म्हणून माझे मत असे आहे की बागेच्या पट्ट्यात एस्टर प्रकार विकूच नये आणि बाकी प्रकारांना अंतराची व वाऱ्याची अट घालावी. त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहायला नको. ग्रामसभेत ठराव करून, दुकानदारांना विश्वासात घेऊन हे करता येते. बाग शंभर-दोनशे फुटांवर असेल, तर लागणीनंतर तीन-चार दिवसांत, तण उगवण्यापूर्वी ॲट्राझीन किंवा मेट्रिब्युझिन जमिनीवर फवारून नंतरचे २,४-डी टाळणेच शहाणपणाचे.

हुमणीला आता काय करायचे?

ऑक्टोबरमध्ये हुमणी मोठी झालेली असते. या अवस्थेत कोणतेही औषध ओतून उपयोग होत नाही, पैसे मात्र जातात. मला दाखवलेल्या त्या प्लॉटवर काकांनी दोन आठवड्यांत दोन वेळा आळवणी केली होती. अळ्या हातात जिवंत होत्या. नोव्हेंबरच्या आसपास ती खोल जाऊन कोषात जाते, कोषातून भुंगेरा होतो आणि तो तिथेच, जमिनीत, मेपर्यंत पडून राहतो. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास बाहेर येतो, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतो, पाने खातो, मिलन होते आणि पहाटेपूर्वी जमिनीत परततो. मग अंडी. वर्षातून एकच पिढी. म्हणजे त्या किडीला वर्षात एकदाच, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या झाडावर यावेच लागते. बीटवरच्या माव्यापेक्षा हिचा अंदाज बांधणे कितीतरी सोपे आहे.

यंदा काय झाले ते आठवून पाहा. २५ मेच्या सुमारास बारामती, इंदापूर, दौंडमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला. नीरा डावा कालवा फुटला. सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे, वाहून गेलेल्या मातीकडे, जनावरांकडे होते आणि ते साहजिकच होते. पण पाऊस लवकर म्हणजे भुंगेरेही लवकर. 'मृग लागला की बघू' म्हणणाऱ्यांची वेळ मृगाआधीच गेली. आज दिसणारे वाळलेले पट्टे त्या दहा-बारा दिवसांचे आहेत, असे माझे निरीक्षण आहे.

ज्या प्लॉटमध्ये बेटे उपटून येत आहेत, तो ऊस तोडून गेल्यावर खोडवा ठेवू नये. नांगरट खोल करावी, ढेकळे उलटी पडू द्यावीत, बगळे-साळुंक्या आपले काम करतात. कोंबड्या सोडता आल्या तर फारच उत्तम. शेणखत टाकायचे असेल, तर उकिरड्यातही याच्या नातलग अळ्या असतात. ते चाळून, चांगले कुजलेलेच टाकावे.

मे महिन्यात पहिल्या वळवानंतर सलग आठ-दहा दिवस संध्याकाळी झाडे हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. हे एकट्याने करून भागत नाही. भुंगेरा बांध पाहत नाही. झाडावर सरासरी २० भुंगेरे दिसले, तर त्या शिवाराला धोका आहे असे समजावे. राज्यातील काही साखर कारखान्यांनी भुंगेरे किलोवर विकत घेतले आहेत. आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे कारखाने एका पट्ट्यात आहेत. प्रत्येकाकडे गटवार शेतकी कर्मचारी आहेत, सभासदांचे मोबाईल क्रमांक आहेत. वळवाचा पाऊस झाल्याच्या दिवशी प्रकाश सापळ्यातील संख्या पाहून गावाला निरोप देणे, एवढेच काम करायचे आहे. ब्रिटनमध्ये बीटसाठी जे अंदाजाचे यंत्र उभे केले, त्यापेक्षा हे स्वस्त आहे. कारखान्यांनी ते केले नाही, याला मी तरी सबब मानत नाही.

यानंतर, जून-जुलैत, अळी लहान असताना मेटाऱ्हायझियम बुरशी एकरी ८ ते १० किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलीवर द्यावी. कीडरोगकारक सूत्रकृमी, ज्यांना आपण ईपीएन म्हणतो, तेही लागू पडतात. दोन्ही जिवंत आहेत. भर उन्हात, कोरड्या जमिनीत, किंवा उन्हात ठेवलेल्या गाडीतून आणून टाकले, तर मेलेलेच टाकतो आपण. बुरशी लागायला दोन-तीन आठवडे जातात. मेलेली अळी हिरवट दिसते. इतका धीर धरवत नाही, म्हणून 'जैविक चालत नाही' हे मत तयार होते. खरेदी करताना उत्पादनाची तारीख पाहावी. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये विचारूनच घ्यावे.

एवढे करूनही जुलै-ऑगस्टमध्ये अळी सापडली, तर रासायनिक औषध आहेच. लेबलवर ऊस आणि हुमणी ही दोन्ही नावे वाचून, त्यावरच्या मात्रेत, ओलीवर, एकदाच. खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामाची कार्डे आणि लेबल क्लेम असलेले क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल आहे, त्यामुळे फोरेटची उणीव तिथे तरी भासायला नको.

सुट्या पुड्या

काही ठिकाणी अजून लेबल नसलेल्या पिशवीत करड्या रंगाचे, उग्र वासाचे दाणे 'जुने थिमेट' म्हणून मिळतात, असे शेतकरीच सांगतात. मला एका गावात ते दाखवलेही. त्यात फोरेट आहे, दुसरेच काही आहे की वाळूला वास लावला आहे, कुणालाच माहीत नाही. पावती नाही, म्हणजे पीक गेले तर तक्रार करायला जागा नाही, आणि विषबाधा झाली तर डॉक्टरला काय सांगायचे तेही ठाऊक नाही.

घरात जुनी पुडी शिल्लक असेल तर ती वापरू नका, विहिरीत-ओढ्यात टाकू नका, धान्याच्या खोलीत तर मुळीच ठेवू नका. कुलूपबंद ठेवून तालुका कृषी कार्यालयाला कळवा. असे औषध हाताळल्यावर डोळ्याच्या बाहुल्या बारीक होणे, तोंडाला लाळ, भरपूर घाम, पोटात कळा, उलटी यांपैकी काहीही दिसले तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि पुडी सोबत न्या. कांदा फोडू नका.

त्या काकांचा खोडवा डिसेंबरमध्ये तुटेल असा अंदाज आहे. नंतर तिथे हरभरा घ्यायचा आणि मेमध्ये बांधावरच्या दोन कडुनिंबांखाली दिवा लावायचा, एवढे ठरले आहे. शेजारच्या चार शेतकऱ्यांना तयार करण्याची जबाबदारी त्यांनी घेतली आहे. दोघांनी हो म्हटले आहे, तिसरे पुण्यात राहतात, चौथ्यांशी बोलणे बंद आहे.